जाते म्हणू नये

तळं गोठून मिटलं त्या सकाळी वृषाली मोहितेला घरात बसवेना.

आदल्या संध्याकाळपर्यंत मधोमध काळं पाणी उघडं होतं. सकाळी पडदा सारला तर या काठापासून त्या काठापर्यंत एकच पांढरं रान, आणि पलीकडे बेटावरची झाडं, कुणी बोटानं काजळाची रेघ ओढावी तशी. तिनं चहा ठेवला, पुसलेला ओटा पुन्हा पुसला, डबा उघडला, कशासाठी उघडला ते विसरून लावून टाकला. उजवा पाय आपसूक फरशीवर ताल धरत होता.

"वृषा, काय चाललंय? नाचतेस की काय?" वरच्या खोलीतून मकरंदची हाक आली.

"चहा गाळतेय."

"चहा गाळायला कंबर कशाला हलते?"

मकरंद तिचा नवरा. त्याला वरून ना ओटा दिसत होता, ना ती. त्याला कळलं ते मनगटावरच्या कड्यामुळे. ते कडं आणि तिचा उजवा खुबा एकाच खोक्यातून आले होते.

खुब्याचा सांधा म्हणजे उखळ आणि मुसळ. कमरेच्या हाडात एक वाटी, मांडीच्या हाडाला एक गोळा, आणि जन्मभराचं कांडण. वृषालीची वाटी साठीच्या आतच झिजली. उन्हाळ्यात डॉक्टरांनी ती काढून टायटॅनियमची बसवली, गोळा सिरॅमिकचा. असे सांधे तिच्या आईच्या पिढीपासून बसवले जात होते. नवं होतं ते वाटीच्या पाठीमागचं एक बारीक वलय. त्यात तेल होतं, आणि तेलात लोखंडाचे, डोळ्यांना न दिसणारे कण. चुंबकीय क्षेत्र आलं की ते कण दाण्यामागे दाणा अशी माळ धरतात आणि पातळ तेल आधी मधासारखं, मग मेणासारखं घट्ट होतं. क्षेत्र गेलं की पुन्हा पातळ. पडणाऱ्या माणसाला आपण पडतोय हे कळण्याआधी त्याचे स्नायू दचकतात. सांधा तो दचका ओळखायचा आणि पापणी लवायच्या आत आवळायचा. त्यासाठी लागणारी वीज पावलागणिक दाबल्या जाणाऱ्या स्फटिकांतून निघायची.

शिवाय तो ऐकायचा. आवाज हाडातून चांगला जातो. कानात बोटं घालून बोलून बघावं, कुणालाही ते कळेल. जबड्यातून कवटीत, कवटीतून मणक्यात, मणक्यातून कमरेत. माणूस उठण्याआधी "चला" म्हणतो, जड उचलण्याआधी "हं" म्हणतो. सांधा ते ऐकून आधीच तयारीत राहायचा.

तरीही एकटीदुकटी माणसं पडत आणि कुणाला पत्ता लागत नसे. म्हणून या सांध्याला सोबती जोडला गेला. सोबत्यानं कडं घालायचं. सांध्यावर जो भार येईल, जो धक्का बसेल, तो त्याच्या मनगटावर ठोका होऊन उमटायचा. कड्यावर अंगठा दाबून धरला की तिकडे सांधा आवळायचा. दोन टिचक्या मारल्या की त्याचा अर्थ 'हो'.

कुणाच्याही नवऱ्याला हे जड गेलं असतं. पण मकरंदचा जन्म निकेलच्या खाणीत खडकाचे हादरे ऐकण्यात गेला होता. वर, उबदार खोलीत, कानाला यंत्र लावून बसायचं. खाली मैलभर खोल खडक कुरकुरला की ठरवायचं, ही नुसती कुरकुर की कोसळायच्या आधीची? माणसं वर बोलवायची की राहू द्यायची? निवृत्त झाला तेव्हा तो म्हणाला होता, "आता कुणी हादरलं तरी मला सांगू नका." आणि आता बायकोची कंबर त्याच्या मनगटाला येऊन बिलगली होती.

पहिले दिवस गोड गेले. ती कुशीवर वळली की त्याला कळायचं, ती जिना उतरेपर्यंत आधण आलेलं असायचं. मग हळूहळू वाक्यं बदलली. "जिन्यावर डावीकडे झुकलीस." "एवढा वेळ उभी का राहिलीस?" "आत्ता काय आपटलं?" त्याचं जेवण कमी झालं. बोलता बोलता तो गप्प व्हायचा, डावा हात कानापाशी न्यायचा. जुनी सवय.

एकदा ती पोह्यांचा डबा काढायला स्टुलावर चढली. त्यानं बैठकीतून अंगठा दाबला. ती एक पाय स्टुलावर, एक अधांतरी, बगळ्यासारखी थिजली.

"सोड!"

"आधी खाली उतर."

"आवळून धरलंयस तू! उतरू कशी?"

तो धावत आला, तिला कवेत घेऊन उतरवलं, आणि दोघं हसली. हसून झाल्यावर ती मोरीत जाऊन जरा रडली. तेही त्याला कळलं असणार. रडताना कंबर हलतेच.

तिला येत असलेली एक ओवी कुणाची नव्हती, तिचीच होती. भांडी घासताना ती पुटपुटायची,

*उखळ नवं केलं बाई, मुसळ नवं केलं*
*कांडाया उभी राहिले, धनी म्हणे, पुरं झालं*

तिला कांडायचं होतं ते बर्फ.

लग्न होऊन कऱ्हाडहून ती उत्तर ऑन्टॅरिओतल्या या लून बे गावात आली तेव्हा पहिल्या हिवाळ्यात घरात बसून तिला वेड लागायची पाळी आली होती. शेजारणीनं तिला स्नोमोबाईलवर, बर्फावर धावणाऱ्या गाडीवर, मागे बसवून तळ्यावर नेलं. पुढच्या हिवाळ्यात वृषाली पुढे बसली. माहेरी उसाच्या फडातून भावाची मोटारसायकल पळवणारी मुलगी ती. तिला हे नवं नव्हतं. नवं होतं ते एवढंच, की इथे बांध नव्हते. कुठूनही निघा, कुठंही जा. कंबरेनं वळायचं, खुब्यावर झोक घ्यायचा. ती हातांनी कमी आणि कंबरेनंच जास्त चालवायची, आणि तीच कंबर तिच्यावर रुसली.

शेजारणीचं नाव आयला. आजोबा-पणजोबा फिनलंडचे, तिकडे हे बाईचं साधं नाव. मकरंदला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आयला!" आणि बाईंनी ओ दिली. तेव्हापासून दार वाजलं की तो आतून ओरडायचा, "आयला, कोण आलंय?" आणि ती तिच्या भाषेत बाहेरून म्हणायची, "मीच!" आयला सत्तरीची होती, बर्फावरच्या वाटा आखणाऱ्या ट्रेल-क्लबची म्होरकी, आणि अजून पेट्रोलची खडखडणारी गाडी चालवायची.

बर्फ गाडी पेलण्याइतकं जाड झालं तशी आयलाच बातमी घेऊन आली. "या वर्षी बेटापर्यंत खांब रोवतोय. शेवटचंच. पुढच्या वर्षापासून क्लब तळ्यावर वाट आखणार नाही. गेली दोन वर्षं बर्फ नीट धरलंच नाही ना. शनिवारी सगळे मिळून जाऊन येऊ. तू येणार?"

वृषालीनं मकरंदकडे पाहिलं. मकरंदनं कड्याकडे.

डॉक्टर पडद्यावर म्हणाले होते, "सांधा उत्तम. स्नायू तर माझ्यापेक्षा बरे. चालवा गाडी. उड्या मारू नका, एकट्या जाऊ नका." पण क्लबचा नियम होता. असा सांधा असलेल्याची गाडी सांध्याशी जोडलेली हवी, आणि सोबत्यानं 'हो' म्हटल्याशिवाय ती सुरू व्हायची नाही.

"पुढच्या वर्षी बघू," मकरंद म्हणाला.

"पुढच्या वर्षी तळं गोठेल असं तुला सांगून ठेवलंय का कुणी?"

"तळं गेलं तर गेलं. तू राहा."

"मी राहीन की. ओट्यापाशी. बगळा होऊन."

अखेर ठरलं की काठाकाठानं एक फेरी. तो खिडकीत उभा राहील, मनगटावर कडं. दोन टिचक्या मारून त्यानं 'हो' दिलं. गाडी विजेची, आवाज मधमाशीएवढा. वृषाली बसली, अंगठ्यानं दांडीवरची कळ दाबली, आणि कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा तिच्या अंगाखालून जमीन पळाली. ती हेल्मेटच्या आत मोठ्यांदा हसली. मग बर्फाखाली एक दगड आला. गाडी जराशी उचलली, आपटली.

खिडकीत मकरंदनं अंगठा दाबला.

सांधा आवळला, गाडी मेली, भुसभुशीत बर्फात कुल्ल्यापर्यंत रुतली. आयलानं दोरी लावून ओढून काढली. दारात हेल्मेट काढून म्हणाली, "तुझा नवरा गाडी छान चालवतो. घरात बसून."

दुसऱ्या दिवशी मकरंद कडं मांडीवर घेऊन, चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ काहीतरी करत बसला. मग तिच्यापाशी आला.

"सांध्याला मराठी आलंय नवीन. मी लावलंय. तू त्याला 'थांब रे बाबा' म्हणायचीस आणि त्याला ढिम्म कळायचं नाही. आता दमात घ्यायचं तर आपल्या भाषेत घे."

हे त्याचं 'चुकलो' म्हणणं होतं. तिला ते कळलं. तिनं त्याच्या कड्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "त्याला शिव्या कळतात का?"

"तू शिकव."

पण शनिवारचं विचारलं तेव्हा तो पुन्हा तेच म्हणाला. "मला झेपत नाही, वृषा. तुला दगड लागतो, मला घर पडल्यासारखं होतं. मी खोटं सांगत नाही."

तो खोटं सांगत नव्हता. म्हणून तर तिला भांडता येईना.

शनिवारी तिनं जाड सूट चढवला, बूट घातले. "काठापर्यंत जाते नि सगळ्यांना निरोप देते" असं म्हणायला तोंड उघडलं, आणि जिभेनं लहानपणीच्या वळणानं वाक्य बदललं. कऱ्हाडात दारातून "जाते" म्हटलं की आई हातातलं काम टाकून यायची. जाते म्हणू नये, बाई. जातं ते परत न येणारं माणूस. आपण येते म्हणावं.

"काठावर जाऊन येते रे," ती म्हणाली. "येते हं."

"लवकर ये. पोहे टाकतोय," स्वयंपाकघरातून आवाज आला.

शेडमध्ये गाडी झाकून ठेवली होती. तिनं कापड काढलं. काच पुसली. नुसतं बसून बघावं म्हणून बसली. हात आपोआप दांडीवर गेले, बोट बटणावर गेलं. सुरू होणार नाही हे माहीत असलेलं बटण माणूस जसं दाबतं तसं तिनं ते दाबलं.

गाडी गुणगुणली.

पडद्यावर मराठीत अक्षरं आली. *परतीचा प्रवास. सोबत्याला कळवलं आहे.*

ती क्षणभर चक्रावली. मग तिच्या ध्यानात आलं आणि ती तशीच, दोन्ही हात दांडीवर ठेवून, गार पडली. तिनं 'येते' म्हटलं होतं. सांध्यानं ते हाडातून ऐकलं होतं. कुठल्या तरी शहरात बसून ज्यांनी त्याला मराठी शिकवली त्यांनी शब्दाला अर्थ लावून दिला होता: येते, म्हणजे परत येत आहे. घरी येणाऱ्या माणसाला परवानगी कशाला विचारायची? वाटेत त्याची गाडी बंद पाडणं तर आणखी धोक्याचं, म्हणून परतीच्या वेळी कड्यावरचा अंगठा चालत नसे. आणि सोबत्यानं उगाच जीव टांगू नये म्हणून धक्के मनगटावर जातच नसत. कडं फक्त संथ ठोके द्यायचं. येतेय. येतेय. येतेय.

त्यांनी शब्दाचा अर्थ बरोबर दिला होता. दाराशी तो कोण कशासाठी म्हणतं, ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

बटण बंद करायला एक बोट पुरलं असतं. तिनं ते बोट हातमोज्यात आखडून घेतलं. काठावर आयलाचे दिवे दिसत होते, आणि आयलाची गाडी म्हाताऱ्या बैलासारखी खडखडत, वाफा टाकत उभी होती.

"हो म्हणाला?" आयलानं विचारलं.

वृषाली म्हणाली, "चल."

काठ सुटला. खांबामागून खांब मागे पडू लागले. बर्फावर वाऱ्यानं बारीक नांगरट केली होती, तिच्यावरून गाडी खडखड न करता सुळकन निघाली, आणि मग ती जागा आली जिथं काठ दोन्हीकडून सारखाच लांब होतो. वृषालीनं कंबर डावीकडे झुकवली. सांधा जरासा घट्ट झाला, तिच्याबरोबर झुकला, सैल झाला. उजवीकडे. पुन्हा. तिला वाटलं होतं तो आडवा येईल. तो तर जोडीदारासारखा फुगडीत हात देत होता. तळं मध्येच लांबवर गडगडलं. नवख्याला वाटावं फुटलं. आयलानं हात वर करून खूण केली, ऐक, आवळतंय. गडगडणारं बर्फ चांगलं, मुकं बर्फ वाईट, असं ती सांगायची.

*पांढऱ्या गं रानामंदी, नाही बांध, नाही काटा*
*पाठीशी बसलं ऊन, सावली दावी वाटा*

हेल्मेटच्या आत ओवीची वाफ झाली आणि काचेवर बसली. तिला कितीतरी दिवसांनी कुठं दुखत नव्हतं. आणि तरी बेट जवळ येत गेलं तशी ती मागे वळून घराकडे बघू लागली. प्रत्येक खांबावरून एक ठोका मागे घरी जात होता. येतेय. प्रत्येक खांबाला ती लांब जात होती.

बेटावर वृषालीनं गाडी बंद केली नाही, पुन्हा सुरू होईल याची खात्री नव्हती. खोपीत आयलानं शेगडी पेटवली. बाकीचे हसत होते, मोजे वाळत घालत होते. आयलानं कपभर कॉफी तिच्या हातात दिली. वृषाली बसली, उठली, दारात गेली, परत आली.

"मुंग्या आहेत का बाकावर?" आयलानं विचारलं.

"तो हो म्हणाला नव्हता."

आयलानं कॉफीचा घोट घेतला. "मग गाडी कशी सुरू झाली?"

वृषालीनं सांगितलं. आयलाला समजायला वेळ लागला. "म्हणजे तुमच्यात जाताना 'मी परत येतेय' म्हणतात?"

"हो."

"आणि त्याला आत्ता वाटतंय तू परत येतेयस."

"हो."

"किती वेळ?"

वृषालीनं कप ठेवला आणि हेल्मेट घातलं. आयला म्हणाली, "खांब सोडू नकोस. सोडलंस तर बर्फावरचं पाणी लागेल." आणि आपली गाडी किनाऱ्यापर्यंत आणून उभी राहिली. तिथून वृषाली दिसेनाशी होईतोवर तिच्यावर नजर ठेवता येणार होती.

परतीची अर्धी वाट व्हायच्या आत, खांबांच्या ओळीपासून बाजूला, तिला एक काळा ठिपका दिसला. तिला आधी हरीण वाटलं. हरणाला लाल टोपी नसते.

मकरंद गुडघाभर पाण्यात उभा होता. खांबांची ओळ वळसा घेऊन जाते, म्हणून त्यानं सरळ जाऊन वाट वाचवायचं ठरवलं होतं. आयला ज्याला बर्फावरचं पाणी म्हणायची ते तेच: वर साचलेल्या बर्फाच्या ओझ्यानं खालचं तुळतुळीत बर्फ दबतं, भेगांतून पाणी वर येतं आणि पांढऱ्याखाली लपून राहतं. खालचं बर्फ पक्कं असतं, पण वरचा पाण्याबर्फाचा लगदा पाय धरून ठेवतो.

ती खांबापाशी थांबली, उतरली. "तू इथं काय करतोयस?"

"फिरायला आलोय." त्याचे दात वाजत होते.

"हलू नकोस. पाणी आत गेलं?"

"एका बुटात."

तिनं दोरी फेकली. त्यानं कमरेला बांधली. तिनं उजवी टाच टणक बर्फात रोवली आणि ओढलं. टाच निसटली. निसटताच खुब्यात काहीतरी मूठ वळावं तसं आवळलं, आणि ती पडली नाही. ओढत राहिली. मकरंद एक पाय काढी, दुसरा रुतवी, असं करत वाटेवर आला आणि पालथा पडून राहिला.

"पोहे दोनदा गरम केले," तो बर्फाशी बोलल्यासारखा म्हणाला. "कडं इतकं शांत होतं, वृषा. येतेय, येतेय. मी शीळ घालत होतो. माहितीय, शीळ! मग म्हटलं, काठावरून यायला एवढं? शेड बघितली. अंगठा दाबला, काही नाही. दाबला, काही नाही."

"मग थेट तळ्यावर आलास?"

"दुसरं काय करणार होतो?"

"पडला असतास तर? मला कशानं कळलं असतं? तुझ्या हाडात काय आहे?"

"संधिवात."

तिला हसू आलं आणि त्याचा राग आला. "मी येते म्हटलं होतं."

"मला म्हटलं होतंस." तो उठून बसला. "मला म्हटलेलं त्याला ऐकू गेलं, तिथवर ठीक. पण तुला कळलं आणि तरी तू निघालीस."

"तू हो म्हणाला असतास?"

"नाही."

"मग मी काय करायचं होतं?"

वारा वाटेवरचं भुसभुशीत बर्फ दोघांच्या मधून सरपटत नेत होता.

"बस मागे," ती म्हणाली. "तुझा पाय जाईल."

तो मागे बसला. तिनं बटण दाबलं. गाडी गप्प. इथं उतरताना तिनं घाईत ती बंद केली होती आणि सकाळचा शब्द तिच्यातून पुसला गेला होता. पडद्यावर अक्षरं होती: *सोबत्याची परवानगी हवी.*

मकरंदनं तिच्या खांद्यावरून वाचलं. "म्हण ना. एक शब्द तर म्हणायचा."

"म्हणणार नाही."

"वृषा, माझा पाय गोठतोय आणि तू भाषेचं काय घेऊन बसलीस?"

"तो शब्द मला दारात लागतो, मकरंद. इथं वापरायचा नाही. तू टिचकी मार."

"आणि नाही मारली तर?"

"तर इथं बसू दोघं."

"म्हणजे तू मला अडवून धरणार?"

"हो. कसं वाटतं?"

तिच्या पाठीला त्याचा श्वास लागत होता, आखडून येणारा. तळं गडगडलं. तो दचकला, त्याचा डावा हात कानाकडे गेला, आणि तिथंच थांबला. मग हातमोजा सरकल्याचा आवाज आला आणि कड्यावर दोन टिचक्या वाजल्या.

गाडी गुणगुणली.

"घर लांब आहे," ती म्हणाली. "बेट जवळ. आयलाकडे शेगडी आहे."

"आयला," तो कुडकुडत म्हणाला. त्याचा अर्थ शेजारीण की उद्गार, ते त्यालाच ठाऊक.

तिनं गाडी वळवली. त्याचे हात तिच्या कमरेभोवती होते, मनगट अगदी खुब्यावर. पुढे बर्फ दोन्हीकडून दाबून उचललं गेलं होतं, वरवंट्याएवढा एक उंचवटा वाटेत आडवा पडला होता. येताना ती त्यावरून गेली होती. आता गाडी हळू करायला जागा नव्हती.

"धर."

त्याचा अंगठा कड्याकडे गेला. तिला तो जाणवला, सुटाच्या जाडीतूनही. सांधा आवळणार, गाडी मरणार, आणि दोघं इथं रुतणार, असं वाटून तिनं श्वास धरला. गाडी उचलली. आपटली. पुढे गेली.

अंगठा कड्यावर टेकलेला होता. दाबलेला नव्हता.

"हे काय होतं?" मागून आवाज आला.

"उंचवटा."

"नाही, म्हणजे... दगड लागला होता त्या दिवशी, तो एवढाच होता?"

"याहून लहान."

तो तिच्या हेल्मेटला डोकं टेकवून ओरडला, "कडं केवढं उडालं माहितीय तुला? घर हलावं एवढं! आणि खाली बघतो तर एवढंसंच!"

"कारण तू घरात असतोस!" ती ओरडली. "इथं ढुंगणाखाली गाडी आहे!"

तो हसला की हुंदका दिला, ते वाऱ्यात कळलं नाही. त्यानं उभा जन्म वर बसून खालचे हादरे मोजले होते. हादरा अंगाखालून निघून जातो हे त्याला कुणी दाखवलं नव्हतं.

बेटावरचा धूर दिसू लागला. आयलाची गाडी किनाऱ्यावर उभी होती. त्याआधी आणखी एक उंचवटा होता, पहिल्याहून रुंद. वृषालीनं कंबर डावीकडे झुकवली, वळसा घ्यायला.

"का वळतेस?"

"तुझ्यासाठी."

त्याचे हात तिच्या कमरेभोवती आणखी घट्ट झाले. दात अजून वाजतच होते.

"सरळ घे," तो म्हणाला.

तिनं कळ दाबली.